‘पोरांना शिकायचंच नाही’ हे खरं नाही

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. मोबाईलमुळे या पिढीचं लक्ष आठ सेकंदांवर आलंय. खेड्यातली मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत. त्यांना फक्त नोट्स आणि ‘आयएमपी’ हवेत. सिलॅबस संपवायचा तर नवे प्रयोग परवडत नाहीत. आणि शेवटी, मराठवाड्यातल्या पोरांना शिकायचंच नाही, मग आपण कशाला डोकं फोडायचं? मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. या मजकुरावर अंगठ्यांचा पाऊस पडतो तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यातला एकेक मुद्दा तपासला की उभा राहत नाही.

‘लक्ष आठ सेकंद.’ हा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेनं २०१५ साली काढलेल्या अहवालातून जगभर पसरला. गोल्डफिश माशाचं लक्ष नऊ सेकंद टिकतं, माणसाचं आठ, असं त्यात होतं. पण तो आकडा त्यांच्या स्वतःच्या प्रयोगातला नव्हता, दुसऱ्या एका संकेतस्थळावरून घेतलेला होता. त्याच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्या पत्रकारांना संशोधन काही सापडलं नाही. आपल्याकडे तर इतक्या लांब जायचंही कारण नाही. गावच्या सप्त्यात हीच पोरं दोन-दोन तास कीर्तनाला बसतात. महाराज चरण अर्ध्यावर सोडतात, ते समोरच्यांकडून पुरं करून घेतात, मध्येच ‘बरोबर हाय का नाही?’ म्हणून विचारतात. आपण पाऊण तास फळ्याकडे तोंड करून लिहितो आणि मग मुलांच्या लक्षाबद्दल तक्रार करतो.

‘तोंड उघडत नाहीत.’ आपण उघडू देतो का, हा खरा प्रश्न. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात शाळांतले वर्ग तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

माझ्या वर्गातलं सांगतो. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हा धडा. व्याख्या लिहून देण्याआधी मी विचारतो, ‘यंदा सगळीकडे टोमॅटो दुप्पट पिकला. शेतकऱ्यांच्या हाती एकूण पैसा जास्त येईल, कमी येईल, की तेवढाच?’ आधी प्रत्येकानं वहीत उत्तर लिहायचं, मग हात वर. पहिल्या खेपेला बरेच हात ‘जास्त’ला जातात. मी उत्तर सांगत नाही. ‘शेजारच्याला पटवून द्या, दोन मिनिटं,’ एवढंच म्हणतो. वर्गात एकच गलका होतो. एकदा शेवटच्या बाकावरची, हजेरीपुरतं बोलणारी मुलगी शेजारणीला सांगत होती, ‘अगं, भाव पडल्यावर तोडायची मजुरी बी निघत नाही. आमच्या पप्पांनी उभ्या पिकात रोटा घातला.’ पुन्हा हात मोजले, बहुतेक ‘कमी’कडे. स्वस्त झाला म्हणून कुणी घरात दुप्पट टोमॅटो खात नाही, म्हणून आवक दुप्पट झाली की भाव निम्म्याहूनही खाली कोसळतो, हे त्यांनीच मांडलं. सूत्र मी त्यानंतर लिहिलं. साधारण याच पद्धतीनं एरिक माझूर १९९०च्या दशकापासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवत आले. त्याला स्मार्ट बोर्ड लागत नाही. एक मात्र सांभाळावं लागतं. पोरगं ‘सर, मला कळंना गेलंय’ म्हणालं तर त्याची भाषा दुरुस्त करायची नाही, अडलंय कुठं ते बघायचं. एकदा हसं झालं की ते पुन्हा बोलत नाही.

‘त्यांना फक्त नोट्स हव्यात.’ मागतात, खरं आहे. पेपरात नोट्समधलंच येत असेल तर का मागू नयेत? शिवाय हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतः खटपट करून शिकलेल्या मुलांना परीक्षेत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. तेव्हा ‘सर, तुम्हीच सांगा ना’ हा आळस नसतो. पद्धत का वापरतोय हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं.

वाचलेलं टिकावं यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आठवायला लावणं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे जातात. सराव चाचण्यांचं महत्त्व लातूर पॅटर्नच्या मुलखात सांगायला नको. पण तिथं चाचणी गुणांसाठी असते. माझ्या तासाला सुरुवातीची पाच मिनिटं कालच्या भागावर दोन प्रश्न, वही बंद, गुण नाहीत.

‘सिलॅबसचं काय?’ विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. हे आकडे इथं जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण आपला ‘संपलेला’ सिलॅबस मुलांपर्यंत किती पोचला, हे कुणी मोजलंय?

‘शिकायचंच नाही.’ दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबं ऊसतोडीला जातात, वर्ग अर्धे होतात आणि मस्टरवर लाल रेघा वाढतात. त्यातली काही मुलं कोयता हातात घेऊनही परीक्षेचा फॉर्म भरतात. त्यांच्यासाठी रोजचे ते दोन प्रश्न मी वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. उत्तरं रात्री उशिरा, बहुधा व्हॉइस मेसेजनं येतात. चुकलेली मी दुसऱ्या दिवशी नाव न घेता वर्गात चर्चेला घेतो आणि चर्चेचं रेकॉर्डिंग ग्रुपवर परत पाठवतो.