परतीचे दोर कापू नका: ‘नट व्हायचंय तर सगळं सोड’ या निरोपाला उत्तर

मे महिना आला, सुट्टीतली नाट्यशिबिरं आटोपली, की कोकणातल्या नाट्यमंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: “खरा नट व्हायचं असेल तर नोकरी सोड, परतीचे दोर काप, मुंबई गाठ. अंगात कला असेल तर काम आपोआप चालत येतं. पैशाचं बोलतो तो कलावंत नव्हे. एक ब्रेक मिळाला की आयुष्य बदलतं. कोकणात राहून फार तर दशावतार आणि नमन ही लोकनाट्यं होतील. नाव होईपर्यंत गावाकडे फिरकू नकोस.” वाचून अंगावर काटा येतो खरा. पण वीस-बावीस वर्षांची मुलंमुली हे प्रमाण मानून गाडीत बसतात, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर द्यायला हवं.

आधी दोर. सिंहगडावर दोर कापले ते एका रात्रीच्या लढाईत. अभिनय तीस-चाळीस वर्षं करायचा असतो, आणि त्यात परतीच्या वाटेचा उपयोग अनेकदा पुढे जाण्यासाठीच होतो. साधा हिशेब मांडू. गोरेगाव-मालाडकडे तिघाचौघांत खोली, खाणं, लोकल-रिक्षा, फोन हे सगळं मिळून महिन्याला २५,००० रुपये धरा. पहिलं बरं काम सहाव्या महिन्यात मिळालं, तरी मालिकांच्या धंद्यात पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात पडतात. म्हणजे नऊ महिने, सव्वादोन लाख रुपये, वर खोलीची अनामत. चाळीस हजार घेऊन गेलेल्याच्या गाठीचे पैसे दुसऱ्याच महिन्यात संपतात. मग तो रात्रपाळी धरतो आणि ऑडिशनला जागरणाचे डोळे घेऊन जातो, किंवा अटी न विचारता येईल ते काम घेतो. कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर भाड्याची तारीख आठवत असेल, तर समोरच्या पात्राचं ऐकू येत नाही. मन शांत ठेवा असं सगळे सांगतात, पण त्या शांतीला आधी सहा-नऊ महिन्यांची शिल्लक लागते.

आणि दोर न कापता मोठी झालेली माणसं आपल्यासमोर आहेत. चिपळूणचे काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले १९६९ मध्ये, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. निळू फुले यांनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं होतं. यांतल्या कुणाच्याही अभिनयाला दुसऱ्या कामाने बाधा आली असं कोण म्हणेल? प्रश्न दुसरं काम असावं की नाही हा नाही, ते कसलं असावं हा आहे. ज्या कामात दिवसाआड सुट्टी मागावी लागते ते टिकत नाही. शिकवण्या, हिशेब लिहिणं, भाषांतर, हंगामी होमस्टे, घरचं दुकान अशी कामं बरी पडतात, कारण तिथे दोन दिवस बदली माणूस बसवता येतो. नोकरी सोडायची वेळ आपल्याला आकड्यात ठरवता येते. सलग बारा महिने अभिनयातून घरखर्चाच्या दीडपट पैसे प्रत्यक्ष खात्यात आले, तर सोडा. त्याआधी नको.

आता “कला असेल तर काम आपोआप येतं.” या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलंय, कारण ते चांगल्या नटांनाच स्वस्थ बसवतं. भूमिका ठरवणारा वय बघतो, चेहरा बघतो, आधी निवडलेल्या नटाशेजारी तुम्ही कसे दिसता ते बघतो, तारखा जुळतात का ते बघतो. नकार आला तर त्यातलं अभिनयाचं कारण एखादंच असतं, आणि तेही कळवत नाहीत. म्हणून निकालावर जीव टांगू नका. मोजायचं ते आपल्या हातातलं. एक साधी वही करा: तारीख, भूमिका, कुणी कळवलं, काय पाठवलं, काय उत्तर आलं, आपल्याला त्यात काय खटकलं. आठवड्याला एक टेप, म्हणजे ऑडिशनसाठी फोनवर स्वतःच केलेलं चित्रीकरण, झालीच पाहिजे, काम आलेलं असो वा नसो. तीसेक नोंदी झाल्या की वहीच बोलू लागते. पोलिसाच्या भूमिकेला कधीच परत बोलावणं नाही, पण धाकट्या भावाच्या भूमिकेला तीनदा आलं, हे तिथे दिसतं आणि पुढच्या वर्षीचे फोटो त्यानुसार काढता येतात.

टेप कशी करायची यावर थोडं थांबतो, कारण कोकणातून पाठवलेल्या टेप बऱ्याचदा अभिनयाआधीच बाद होतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, ट्रायपॉडवर. फ्रेम छातीपासून वर, डोक्यावर चार बोटं जागा. उजेड समोरून, जरा एका बाजूने. सकाळी आठ ते दहा पडवीत येणारा उजेड उत्तम, माजघरात करू नका. पाठीमागे उघडी जांभ्या दगडाची भिंत आली की तिच्या भोकाभोकांच्या पृष्ठभागावर नजर जाते, त्यापेक्षा राखाडी किंवा फिकट निळी चादर ताणून लावा, इस्त्री करून. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली चित्र लुकलुकतं, त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोनचं चित्रीकरण सेकंदाला ३० फ्रेमचं. सेटिंगमध्ये २५ फ्रेम निवडल्या की ते बहुधा थांबतं. समोरची वाक्यं वाचणारा माणूस लेन्सला खेटून उभा करा, त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू हवा, आणि बघायचं त्याच्याकडे. थेट लेन्समध्ये बघायचं ते फक्त नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण आणि मोकळ्या तारखा सांगताना. मग डावी-उजवी बाजू दाखवा.

आवाजाची गोष्ट पावसाळ्यात बिघडते. पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस वाजत असेल तर कुठलाही माइक ते पूर्ण गाळू शकत नाही. हजाराच्या आसपास मिळणारा वायरचा कॉलर माइक घ्या, खोलीत गोधड्या टांगा आणि सरींच्या मधली वेळ साधा. जून ते सप्टेंबर वीज जाते, म्हणून फोन आणि पॉवर बँक आदल्या रात्री भरून ठेवायची. झालेली टेप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकली तर दाबून निकृष्ट होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी द्यायची राहिली म्हणून न उघडलेल्या टेपसाठी कुणी परत फोन करत नाही. फाइलला नाव द्या: स्वतःचं नाव, भूमिका, टेक. दोनच टेक पाठवा. सात पाठवणाऱ्याला निवड करता येत नाही, असाच अर्थ निघतो.

मालवणी हेल लपवण्याच्या मागे पुष्कळ जण लागतात. आमचं मत स्पष्ट आहे: तो पुसू नका, पण त्याच्यावर ताबा हवा. एक टेप प्रमाण मराठीत आणि एक मालवणीत (किंवा संगमेश्वरीत) कायम तयार ठेवा. रोज वीस मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचून स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐका. अनुनासिक उच्चार कुठे नकळत घुसतात ते दोन आठवड्यांत कानाला कळायला लागतं.

“पैशाचं बोलतो तो कलावंत नव्हे.” हे वाक्य आंबा बागायतदाराला ऐकवून बघा. वाशीच्या बाजारात पेट्या पाठवणारा माणूस दलाली किती, हमाली किती, पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) कधी येणार हे विचारूनच गाडी भरतो. म्हणून त्याचा हापूस कमअस्सल ठरत नाही. दशावतारी कंपनीतला कलाकारही नाइट (एका रात्रीचं मानधन) किती ते हंगामाआधी ठरवतो. मग मालिकेच्या सेटवर लाज कसली?

काम पक्कं झालं म्हणून फोन आला की आभार माना आणि त्याच दिवशी लेखी निरोप पाठवा: दिवसाचं मानधन, किमान किती दिवसांची हमी, पाळी किती तासांची, प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाकडे, डबिंगचा दिवस वेगळा धरला आहे का, चित्रीकरण रद्द झालं तर काय, पैसे किती दिवसांत. जाहिरात असेल तर ती किती महिने आणि कुठल्या माध्यमांत दाखवणार, हेही. समोरचा “ओके” म्हणाला तरी पुष्कळ झालं, पुढे वाद झाला तर तोच कागद.

समजा ६,००० रुपये दिवसाने दहा दिवस काम झालं. बिल ६०,००० चं. एका निर्मात्याकडून आर्थिक वर्षात ५०,००० च्या वर रक्कम गेली की व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) कापतात, म्हणजे ६,००० गेले. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात. काम मिळवून देणाऱ्या समन्वयकाचं कमिशन १५ टक्के ठरलं असेल तर आणखी ९,०००. हातात ४५,०००, तेही तीन महिन्यांनी. साठ हजार मिळाले असं समजून घरी फ्रिज घेणारा इथे फसतो. कमिशन टीडीएस कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या, हे आधी विचारा.

कापलेले ६,००० मात्र बुडालेले नसतात. आयकराच्या संकेतस्थळावर कापलेल्या कराच्या वार्षिक विवरणात (२६-एएस) ते तुमच्या पॅनवर जमा दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर निर्मात्याच्या हिशेबनिसाला लगेच कळवा, वर्ष उलटल्यावर कुणी दाद देत नाही. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र मुदतीत भरून ते परत मिळतात. चित्रपट कलावंताचा व्यवसाय आयकरात अधिसूचित आहे, त्यामुळे ५० लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम नफा दाखवण्याची सोपी पद्धत वापरता येते. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या पुढे लागते. सुरुवातीच्या नटाने त्याची धास्ती घेऊ नये.

“एक ब्रेक मिळाला की” याबद्दल फार लिहायला नको. मोहोर भरभरून आला म्हणून बागायतदार कर्ज काढत नाही. थ्रिप्स आहे, अवकाळी आहे, आणि यंदा लागलेलं झाड पुढल्या वर्षी रुसतं. मालिकेतलं पात्रही एका आठवड्यात ‘परदेशी’ जातं आणि नटाचं काम संपतं. आलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, गेल्या बारा महिन्यांच्या जमेला बाराने भागा आणि त्याच्या सत्तर टक्के एवढाच ‘पगार’ दरमहा घरखर्चाच्या खात्यात घ्या. करारात दुसऱ्या वाहिनीवर काम करण्याची मनाई आहे का ते वाचा. असेल तर त्या बदल्यात महिन्याला किमान किती दिवसांचे पैसे मिळणार, ते मागून घ्या.

कोकणाबद्दलचं वाक्य मात्र मनाला लागतं. “फार तर दशावतार” म्हणजे काय? लिखित संहिता नाही, आख्यान त्या रात्री ठरतं, रंगपटात प्रत्येक जण आपला चेहरा आपण रंगवतो, पेटी-पखवाजाच्या अंदाजाने संवाद उभा करतो, आणि कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत हे रात्रीमागून रात्री चालतं. मग शेती. समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर देण्याची अशी तालीम शहरात शुल्क भरून घ्यावी लागते. राज्य नाट्य स्पर्धेचं रत्नागिरी केंद्र आहे, कुडाळ-कणकवलीकडे वर्षानुवर्षं नाटक करणारी मंडळी आहेत. आकेरी गावात ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका चित्रित झाली तेव्हा सिंधुदुर्गातले रंगकर्मी इथूनच पडद्यावर गेले.

उणीवही मान्य करू. भूमिका ठरवणारी कार्यालयं आणि डबिंगचे स्टुडिओ मुंबईतच आहेत. मंगळवारी संध्याकाळी फोन आला, तर बुधवारी सकाळी तत्काळ उघडतं (वातानुकूलित १० वाजता, स्लीपर ११ वाजता) ते गुरुवारच्या गाडीचं. गुरुवारी रात्री कुडाळला कोकणकन्या पकडली तर शुक्रवारी पहाटे सीएसएमटी. म्हणून उत्तर तयार ठेवा: “टेप आज रात्री पाठवते, पुढच्या फेरीला शुक्रवारी प्रत्यक्ष येते.” अगदीच घाई असेल तर रात्रीची बस. वर्षातून तीनदा पाच-पाच दिवस मुंबई ठरवून करा, आधी दहा ठिकाणी कळवून. आणि ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘सक्तीच्या पोर्टफोलिओ’साठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचा असे फोनवर काढलेले तीन स्वच्छ फोटो पहिल्या फेरीला पुरतात.

राहता राहिलं “गावाकडे फिरकू नकोस.” गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचं असतं, आणि ते जमतं. निर्मितीवाल्यांना आदल्या आठवड्यात सांगितलेलं नको असतं, कारण सणाआधी भागांचा साठा करून ठेवायचा असतो. दोन महिने आधी तारखा लेखी दिल्या तर तुमचे प्रसंग आधी उरकून घेता येतात. रेल्वेचं आरक्षणही ६० दिवस आधीच उघडतं. तिकीट काढाल त्याच दिवशी सुट्टीचा निरोप धाडा, आणि परतीचं तिकीटही वेळेत काढून ठेवा, गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या गाड्या आधी भरतात.