‘एक मोठी कंपनी आणा, बाकी आपोआप होईल’ : या हिशेबात काय चुकतं?

मोबाइलवर फिरणारा एक मजकूर मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. थोडक्यात तो असा : ‘स्थानिक प्रशासनाने छोट्या धंदेवाल्यांच्या मागे पैसा आणि वेळ घालवू नये. दहांतले पाच बुडतातच. त्यापेक्षा जमीन द्या, कर माफ करा आणि एक मोठी कंपनी आणा. तिच्या एका नोकरीमागे बाहेर पाच नोकऱ्या उभ्या राहतात. सवलत दिली नाही, तर ती शेजारच्या शहरात जाईल. आणि प्रशासनाच्या हातात याखेरीज आहे तरी काय?’

प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच हा मजकूर पटापट पुढे जातो. एकेक वाक्य धरून पाहू. क्रम मात्र माझा.

‘सवलत दिली नाही, तर शेजारी जाईल.’

सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी हेच. कंपनी जागा ठरवताना हवे तसे कामगार मिळतील का, बाजारपेठ किती लांब, वीज-पाण्याची खात्री आहे का, हे पाहते. करसवलत या यादीत असते, पण बहुधा तळाकडे. ती मागितली जाते, कारण मागितली की मिळते. अमेरिकेतल्या अपजॉन संस्थेचे अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी यावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये अंदाज मांडला : सवलतीमुळेच निर्णय फिरला, असं फार तर २ ते २५ टक्के प्रकरणांत म्हणता येतं. म्हणजे चारांतल्या निदान तिघांना आपण जे दिलं, ते न देताही ते आलेच असते.

अॅमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा हवी म्हणून जाहीर केलं, तेव्हा २३८ प्रस्ताव आले. निवडलेल्या जागांपैकी एक न्यूयॉर्क होती. सवलतींवरून तिथे मोठा वाद झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. ‘बघा, हाकलून लावली!’ अशी ओरडही झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने न्यूयॉर्कमध्येच सुमारे १५०० कर्मचाऱ्यांसाठी जागा भाड्याने घेतली, तीही खास सवलत न घेता. आकडा आधी कबूल केलेल्या २५ हजार नोकऱ्यांपेक्षा पुष्कळ लहान, हे मान्य. पण ‘सवलत नाही तर पाऊलही नाही’ हे खोटं ठरायला तेवढं पुरे.

कॅन्सस सिटीची गंमत तर याहून न्यारी. अमेरिकेतलं हे महानगर दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेलं. दोन्ही राज्यं वर्षानुवर्षं एकमेकांच्या कंपन्या सवलती देऊन ओढत राहिली. कचेरी काही मैल सरकायची, कर्मचारी राहत्या घरीच राहायचे आणि ‘नवा रोजगार’ म्हणून फीत कापली जायची. शेवटी २०१९ मध्ये दोघांनी तह केला. युरोपीय संघाने मुळातच अशा मदतीवर कायदेशीर बंधनं घातली आहेत. २०२४ पासूनच्या नियमानुसार एका उद्योगाला तीन वर्षांत ३ लाख युरोपर्यंतची किरकोळ मदत आधी न कळवता देता येते. त्यापुढे संघाची परवानगी लागते किंवा मदत ठरवून दिलेल्या चौकटीत बसावी लागते.

‘एका नोकरीमागे पाच नोकऱ्या.’

हा आकडा हवेतून आलेला नाही. एन्रिको मोरेत्ती या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजात उच्च तंत्रज्ञानातल्या एका नोकरीमागे शहरात सुमारे पाच नोकऱ्या, असं येतं. पण साध्या कारखानदारीसाठी त्यांचाच २०१० मधला अंदाज १.६ आहे. मजकूर लिहिणाऱ्याने पाच उचलले आणि गोदामापासून गिरणीपर्यंत सगळ्यांना लावले.

‘छोटे बुडतातच.’

हो, बुडतात. अमेरिकेच्या श्रमविभागाच्या आकडेवारीत नव्या आस्थापनांपैकी साधारण निम्म्या पाच वर्षांत बंद झालेल्या दिसतात. इथे आमच्या बाजूच्या लोकांनीही एक चूक कबूल करायला हवी. १९७९ मध्ये डेव्हिड बर्च यांच्या अभ्यासातून ‘बहुतेक नव्या नोकऱ्या छोटे उद्योग देतात’ हे वाक्य निघालं आणि छोट्यांच्या बाजूने बोलणारे सगळे आजही तेच घोकतात. हॉल्टिवँगर, जार्मिन आणि मिरांडा या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये उद्योगाच्या आकारासोबत त्याचं वयही तपासलं, तेव्हा आकाराचा प्रभाव जवळपास विरून गेला. नोकऱ्या वाढवतात ते नवे उद्योग. नवे असतात म्हणून लहान दिसतात. लहान असणं हा काही गुण नव्हे. वीस वर्षं तेवढंच राहिलेल्या दुकानाला अनुदान देऊन शहराचा रोजगार वाढत नाही.

पण बुडण्याचा धोका मोजायचा तर दोन्ही पारड्यांत मोजा. पन्नास लहान धंदे बंद पडले, तर ते वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारणांनी पडतात. एक मोठी कंपनी डगमगली की सगळं एकदम. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तिथे १००० कोटी डॉलरची गुंतवणूक आणि १३ हजार नोकऱ्यांचं आश्वासन दिलं, राज्याने सुमारे ३०० कोटी डॉलरच्या सवलती देऊ केल्या. म्हणजे नोकरीमागे सव्वादोन लाख डॉलरहून जास्त. २०२१ मध्ये करार नव्याने झाला : गुंतवणूक ६७.२ कोटी, नोकऱ्या १४५४, सवलती जास्तीत जास्त ८ कोटी.

यातली मेख अशी, की राज्य बऱ्यापैकी बचावलं, कारण ‘आधी नोकऱ्या, मग सवलत’ अशी अट होती. अडकलं ते माउंट प्लेझंट हे छोटं गाव. जमिनी घेणं, राहती घरं हटवणं, पाणी आणि रस्ते पोचवणं हे सगळं कारखान्याच्या आधी करावं लागतं आणि गावाने कर्ज काढून ते केलं होतं. पुढे २०२३ मध्ये त्याच परिसरात मायक्रोसॉफ्टने जमीन घेतली, म्हणून आज चित्र तितकं उजाड नाही. पण तो नशिबाचा भाग, नियोजनाचा नव्हे.

मोठे कारखाने वाईटच, असं मी म्हणत नाही. ग्रीनस्टोन, हॉर्नबेक आणि मोरेत्ती यांच्या २०१० च्या अभ्यासात मोठा कारखाना आलेल्या भागांतल्या आधीपासूनच्या कारखान्यांची उत्पादकता पाच वर्षांत सुमारे १२ टक्क्यांनी जास्त दिसली. फायदा प्रामुख्याने त्यांना झाला, ज्यांना तसेच कामगार आणि तसंच तंत्रज्ञान लागत होतं. शेजारी तसं कुणी नसेल, तर त्या मोठ्याकडून शिकणार कोण?

‘प्रशासनाच्या हातात आहे तरी काय?’

मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा येतो.

पहिली गोष्ट, स्वतःची बिलं वेळेवर देणं. छोट्या कंत्राटदाराला नफा कमी पडतो म्हणून कुलूप लागतं, त्याहून जास्त वेळा हातात रोख नसते म्हणून लागतं. काम झालं, मोजमाप झालं, बिल मात्र सहीसाठी टेबलावर. मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते, छोटा माणूस व्याजाने पैसे काढतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार सरकारी संस्थांनी साधारणपणे ३० दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर व्याजासह. ते इटलीने पाळलं नाही, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये संघाच्या न्यायालयाने इटलीला दोषी ठरवलं. अनुदान योजना जाहीर करणारं प्रशासन स्वतःच थकबाकीदार असतं, यातला विनोद छोट्या उद्योजकाला हसवत नाही.

दुसरी गोष्ट, खरेदी. इंग्लंडमधलं प्रेस्टन शहर वर्षानुवर्षं सुमारे ७० कोटी पौंडांच्या खरेदी-संकुलाकडे डोळे लावून बसलं होतं. २०११ मध्ये मुख्य दुकान असलेल्या जॉन लुईसने माघार घेतली आणि प्रकल्प कोसळला. मग नगर परिषदेने, कौंटी परिषद, महाविद्यालयं, पोलिस, गृहसंस्था यांना सोबत घेऊन, आपला पैसा जातो कुठे ते तपासलं. २०१२-१३ मध्ये या संस्थांच्या खर्चातला जेमतेम ५ टक्के वाटा शहरात राहत होता. २०१६-१७ पर्यंत तो १८ टक्क्यांवर गेला. कुणाला आरक्षण दिलं नाही. मोठी कंत्राटं लहान भागांत विभागली : शाळांच्या जेवणात अंड्यांची निविदा वेगळी, दुधाची वेगळी. ज्यांना आधी उलाढालीच्या अटीमुळे अर्जच भरता येत नव्हता, ते आता स्पर्धेत आले. (प्रत्येक शहराने असंच केलं तर एकाची कमाई दुसऱ्याची तूट ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. पण अटी सैल झाल्याने निविदेला जास्त जण येतात, तो फायदा कुणाकडून हिरावलेला नसतो.)

तिसरी, एकट्याला न परवडणारी सेवा. इटलीतल्या कार्पीत विणमालाचे शेकडो छोटे कारखाने होते. पुढच्या हंगामात कोणते रंग, कोणती वीण चालेल, हे शोधायला माणूस पाठवणं एकेकट्याला झेपणारं नव्हतं. १९८० मध्ये प्रादेशिक सरकार आणि उद्योग संघटनांनी मिळून चितेर नावाचं केंद्र काढलं. ते माहिती गोळा करायचं, सभासदांना द्यायचं, पुढे संगणकावर नक्षी काढायलाही शिकवायचं. कुणाच्या खात्यात पैसे जमा झाले नाहीत.

आणि परवाने. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एवढंच विचारतो : तुमच्या शहरात नवा धंदा सुरू करायला किती खिडक्यांवर जावं लागतं आणि कोणत्या खिडकीवर फाइल किती दिवस पडून राहते, याची नोंद कुणी ठेवतं का? तो मजकूर पुढे पाठवणाऱ्या चौघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. मी विचारलं होतं.