टायटॅनियममुळे हिरड्या सडतात? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

परत तोच मेसेज फिरतोय. टायटॅनियमचं इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात तो स्क्रू) म्हणजे तोंडात विष, धातू झिरपतो, हिरड्या सडतात, काळ्या पडतात, पांढरं झिरकोनिया (धातूऐवजी वापरतात ते कडक सिरॅमिक) बसवा म्हणजे हिरडीला कधीच काही होणार नाही, आणि आधीचं टायटॅनियम असेल तर काढून टाका. एवढं वाचून माणूस घाबरणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

"धातू झिरपतो": यात थोडं तथ्य आहे. टायटॅनियमला हवा लागली की लगेच त्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर धरतो, ओरखडा पडला तर पुन्हा धरतो, त्यामुळे धातू सहसा शांत बसून असतो. दातांच्या टायटॅनियम इम्प्लांटचे जनक, स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला बसवलेली इम्प्लांट्स तो २००६ मध्ये वारला तोपर्यंत टिकली. पण आजूबाजूच्या हिरडीत टायटॅनियमचे कण सापडतात हेही खरं, आणि आजारी हिरडीत जास्त सापडतात. आता कणांमुळे आजार झाला की आजारामुळे आणि साफ करताना धातूच्या टोकाने खरवडल्यामुळे कण सुटले, हे अजून ठरलेलं नाही, हिरड्यांच्या आजारांवरच्या २०१७ च्या जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी पुरावा अपुरा आहे असंच म्हटलं. शिवाय टायटॅनियमच्या स्क्रूवर झिरकोनियाचं अबटमेंट (स्क्रू आणि वरची कॅप जोडणारा तुकडा) बसवलं तर कडक झिरकोनियाच टायटॅनियमला घासून झिजवतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

"धातूमुळे हिरड्या सडतात": इथे मेसेज सरळ चुकतो. खऱ्या दातात हिरडीचे तंतू मुळाच्या आत रुतलेले असतात, इम्प्लांटभोवती ते नुसते बाजूने, समांतर लपेटून असतात, आणि दाताच्या मुळाभोवती जो रक्तपुरवठा करणारा पडदा असतो तो इथे नसतोच. म्हणजे ही हिरडी मुळातच कमी पकडीची, तिथे प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचला की सूज लवकर खाली उतरते. आधी नुसतं लाल होतं, ब्रश लागला की रक्त येतं, या टप्प्यावर साफसफाईने सगळं पूर्ववत होऊ शकतं. दुर्लक्ष केलं की हाड झिजायला लागतं आणि गेलेलं हाड सहज परत येत नाही. ज्यांना आधी पायोरिया होता, जे सिगारेट ओढतात, ज्यांची शुगर आटोक्यात नाही, जे दर काही महिन्यांनी दाखवायला जात नाहीत, त्यांना धोका जास्त, स्क्रू कुठलाही असो.

आणि सिमेंट! याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून फार वाईट वाटतं. कॅप चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली सरकतं, वरून काहीच दिसत नाही, आत खरखरीत कड राहते, तिच्यावर प्लाक बसतो आणि मग कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी तिथून रक्त, पू. अशा बऱ्याच केसेसमध्ये ते सिमेंट काढलं की हिरडी शांत होते. पेशंट मात्र तोवर धातूला दोष देत असतो.

"काळ्या पडतात": हिरडी पातळ असेल तर खालच्या धातूची करडी सावली दिसते, साधारण २ मिमीपेक्षा पातळ असेल तर जास्तच. तो रंग आहे, सडणं नाही. समोरच्या दातांना झिरकोनियाचं अबटमेंट घ्यायला हे कारण चांगलं आहे.

"झिरकोनियाला कधीच काही होत नाही": होतं. काही अभ्यासांत त्यावर प्लाक थोडा कमी चिकटलेला दिसलाय, पण हिरडीतून जाणारा भाग किती गुळगुळीत आहे याला जास्त महत्त्व, खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की प्लाक वाढतो, मग मटेरियल काहीही असो. झिरकोनिया इम्प्लांटभोवतीही हाड झिजल्याची उदाहरणं आहेत, ते तुटूही शकतं, आणि टायटॅनियमइतका जुना अनुभव त्याच्या पाठीशी नाही. मटेरियलने फरक पडतच नाही असं मी म्हणत नाहीये, कुत्र्यांवरच्या एका प्रयोगात सोन्याच्या मिश्रधातूच्या अबटमेंटभोवती हिरडी खाली सरकली, टायटॅनियमभोवती ती नीट धरून राहिली.

ॲलर्जी? क्वचित असते, पण त्वचेवरची पॅच टेस्ट टायटॅनियमसाठी भरवशाची नाही, तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

"काढून टाका": हा सल्ला सगळ्यात घातक. हाडात पक्कं बसलेलं इम्प्लांट उलटं फिरवून किंवा भोवतीचं हाड कापून काढावं लागतं, हाड जातं, मग बऱ्याचदा ग्राफ्ट (त्या जागी हाड भरणं) आणि कित्येक महिने थांबणं. शंका असेल तर डॉक्टरांना इम्प्लांटभोवती प्रोब (हिरडी तपासायची बारीक सळई) घालून रक्त येतंय का ते बघायला सांगा, आणि कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे आजच्या एक्स-रेशेजारी ठेवायला सांगा. रक्त नाही, पू नाही आणि हाडाची रेषा तिथेच असेल तर त्या स्क्रूला हात लावायचं काहीच कारण नाही.