पोळपाटाएवढा मदरबोर्ड

तयार कॉम्प्युटर न आणता सुटे भाग आणून घरीच जोडायचा, ही कल्पना माझ्या भाच्याची. "मामा, काही अवघड नसतं. बहुतेक प्लग चुकीच्या बाजूने बसतच नाहीत." तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला सगळंच सोपं वाटतं. या गोष्टीला तीन महिने झाले. तीन महिने मी फक्त तयारी करतोय.

पहिला प्रश्न जागेचा. मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये नवी वस्तू आली की जुनी एखादी माळ्यावर जाते, आणि माळा भरून दहा वर्षं झाली. भाचा म्हणाला, मायक्रो-एटीएक्स मापाचा मदरबोर्ड घ्या, म्हणजे बाकीचे भाग जिच्यावर जोडतात ती पाटी; 24.4 सेंटिमीटर बाजूचा चौरस असतो. मी टेप घेऊन घरभर हिंडलो. त्या मापाला जवळची अशी एकच वस्तू सापडली, पोळपाट. "अगं, एवढासा तर आहे," मी पोळपाट छातीशी धरून बायकोला दाखवला. ती म्हणाली, "अहो, तो आधी खाली ठेवा, पोळ्या व्हायच्यात."

मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण त्या नावाने रस्ता विचारला तर लोक हॉस्पिटलची चौकशी समजतात. लॉर्ड लॅमिंग्टन 1907 साली मुंबईची गव्हर्नरकी सोडून गेले, नाव मात्र अजून कॉम्प्युटरला वीज पुरवणारे एसएमपीएस विकतंय. दुकानदाराने चिठ्ठीवर भाव लिहिले आणि खाली दोन रेघा मारून बजावलं, "रॅमचा भाव आजचा आज. उद्या विचारू नका." मी जुन्या पिढीच्या डीडीआर4 रॅमकडे बोट दाखवलं, कारण ती स्वस्त होती. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. नव्या डीडीआर5 च्या बोर्डात ती बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. पिना दोन्हीला 288, म्हणून मी गाफील राहिलो. पक्कं बिल म्हणजे 18 टक्के जीएसटी, कच्चं म्हणजे वॉरंटीच्या नावाने शंख. मी पक्कं घेतलं आणि परतीच्या टॅक्सीचे पैसे संपले.

म्हणून लोकल. ग्रँट रोडहून दादर, दादरचा पूल, मग मध्य रेल्वेचा लगेजचा डबा. कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची रिकामी पेटी, वजनाला काहीच नसतं, पण खोकं देवघराएवढं. शेजारी माशांच्या पाट्या होत्या. एका पाटीवाल्या मावशींनी खोकं निरखून विचारलं, "काय, एसी?"

"नाही, कॉम्प्युटर."

"मग टीव्ही कुठाय त्याचा?"

मॉनिटरचे पैसे पुढच्या महिन्यात, हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर मी व्हिडिओ पाहायला लागलो. थंड देशातला एक दाढीवाला माणूस बजावतो, स्वेटर घालू नका, गालिच्यावर उभे राहू नका, स्थिर विजेने पार्ट जळेल. मे महिन्यातल्या मुंबईत स्वेटर! आमच्याकडच्या दमट हवेत ती वीज फारशी साठतच नाही. आमचा धोका वेगळा. पंखा लावला तर धूळ, बंद केला तर नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब, आणि तो नेमका सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या खाचेवर, लटकणार. या एएम5 जातीच्या सॉकेटात 1718 पिना आहेत, केसासारख्या, स्प्रिंगच्या. एखादी वाकली तरी बोर्ड बाद होऊ शकतो. आणि मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. तरी कपाळाला टॉवेल बांधून दोनदा रंगीत तालीम केली, बोर्डाच्या जागी पोळपाट ठेवून.

शेवटी रविवार ठरला. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवले (डेटा साठवणाऱ्या एसएसडीचा इतका बारीक की मी त्याच्या वाटीवर झाकण ठेवलं), अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या मलमाची नळी उचलली आणि आईला ओरडून सांगितलं, "आता थर्मल पेस्ट! प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी!"

"कोरड्या की भिजलेल्या?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी थबकलो. व्हिडिओ पुन्हा लावला. दाढीवाला फक्त "वाटाण्याएवढी" म्हणून पुढे गेला होता. भाच्याला फोन केला, तो झोपला होता. तेवढ्यात आई बशी घेऊन आली. बशीत दोन वाटाणे. एक कडक, सुरकुतलेला; दुसरा रात्रभर भिजून टम्म फुगलेला.

"समोर ठेव आणि बघून घाल," ती म्हणाली. "आणि झालं की दोन्ही परत दे. उसळ टाकायचीय."