पाणी हा दुसऱ्या खात्याचा विषय

तुमच्या हाती देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या आल्या आणि ‘हवामानबदलावर काहीतरी करा’ म्हणून लोक हात धुऊन मागे लागले, तर मुळीच गडबडून जाऊ नका. कोळशाच्या वाटेला जाऊ नका. पेट्रोलवरचा कर वाढवायचं तर मनातही आणू नका. सरळ झाडं लावा. झाडाला विरोध करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. विरोधी पक्ष फार तर ‘आणखी लावा’ म्हणेल, आणि कोळसा कंपनी स्वतःहून रोपं पुरवेल, वर प्रत्येक पिशवीवर आपलं नाव छापून.

आधी आकडा ठरवा, जमीन नंतर बघता येते. इथिओपियानं जुलै २०१९मध्ये बारा तासांत ३५ कोटी रोपं लावल्याचं जाहीर केलं. भागाकार केला तर सेकंदाला आठ हजारांवर जातात. तुम्ही भागाकार करू नका. त्याच वर्षी तुर्कस्ताननं अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला, अकरा वाजून अकरा मिनिटांचा मुहूर्त धरून १ कोटी १० लाख रोपांची मोहीम काढली. पुढे दोन-तीन महिन्यांत तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या संघटनेनं सांगितलं, की आम्ही पाहिली त्यातली नव्वद टक्क्यांपर्यंत रोपं मेलीत. मंत्रालय म्हणालं, छे, ९५ टक्के जिवंत आहेत. यातून एवढंच घ्या, की मोजणी घरच्याच माणसाकडून करून घ्यावी.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या, कारण खरी गोम तिथे आहे. रोप लावायला एक दिवस पुरतो. त्याचं झाड करायला पुढची तीन ते पाच वर्षं राबावं लागतं. तण काढा, आळं करा, उन्हाळ्यात पाणी घाला, कुंपण राखा, मेलेल्यांच्या जागी नवी लावा. तुम्ही निधी पहिल्या दिवसापुरता मंजूर करा. खड्डे, रोपं, मांडव, फलक, फलकावर तुमचा फोटो. संगोपनाची रक्कम ‘लोकसहभागातून’ असं लिहून मोकळे व्हा. लोकसहभाग म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे नसतात ते काम.

पाणी घालणाऱ्या माणसाचं उद्घाटन करता येत नाही, हीच खरी अडचण. चौथ्या वर्षी, भर उन्हात, डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बाईचा फोटो तुम्ही कुठल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर पाहिलाय? तेव्हा संगोपनाच्या पैशांची फाईल वर आलीच, तर शेरा मारा: ‘पाणी हा दुसऱ्या खात्याचा विषय.’ त्या खात्याचा ‘झाडं हा दुसऱ्या खात्याचा विषय’ असा शेरा तयार असतोच. दोन्ही फायली एकमेकींना भेटेपर्यंत प्रश्न आपोआप सुटतो. वाळलेल्या रोपाला पाणी लागत नाही.

हप्ता सोडायची वेळही साधावी लागते. पाऊस सुरू होण्याआधी पैसे पोचले, तर रोपं जगण्याचा धोका असतो. पाऊस ओसरला की सोडा.

पैसे कशाबद्दल द्यायचे? जगलेल्या झाडाबद्दल नव्हे, लावलेल्या रोपाबद्दल. ही युक्ती अनुभवसिद्ध आहे. चिलीनं १९७४मध्ये कायदा करून लागवडीच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायचं ठरवलं आणि ते अनुदान २०१२पर्यंत चाललं. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर झाडांखालचं क्षेत्र वाढलं होतं, मूळचं जंगल मात्र घटलं होतं. पाइन आणि निलगिरीच्या सरळ रांगा आल्या, साठलेल्या कार्बनमध्ये फारशी भर पडली नाही. जंगलाच्या जागी लागवड करू नये असा नियम कागदावर होता, म्हणजे कोणी नियम नव्हते असंही म्हणू शकत नाही. मेक्सिकोनं २०१९पासून शेतकऱ्यांना झाडं लावण्यासाठी दरमहा पैसे द्यायला सुरुवात केली. हेतू उत्तमच. पण लागवडीला मोकळी जमीन हवी, म्हणून काही ठिकाणी उभं रान तोडून जमीन मोकळी केली गेली. तोडीचाही रोजगार, लावणीचाही रोजगार. असा दुहेरी लाभ दुसऱ्या कुठल्या योजनेत मिळतो सांगा.

जागेचा घोळ फिलिपीन्सकडून शिकावा. २०१२मध्ये तिथल्या एका किनाऱ्यावर गावकऱ्यांनी तासाभरात दहा लाखांवर खारफुटीची रोपं चिखलात खोचली आणि जागतिक विक्रम केला. आठ वर्षांनी एक अभ्यासक बघायला गेला, तेव्हा दोन टक्केसुद्धा उरली नव्हती. बाकीची मेली किंवा वाहून गेली. खारफुटी जगते त्या पट्ट्यात त्या देशात ठिकठिकाणी मत्स्यतळी झालीत आणि तळ्यांना मालक आहेत. त्याच्या पुढच्या उघड्या चिखलाला मालक नाही. तिथे झाड जगत नाही ही गोष्ट वेगळी, पण भांडायला कोणी येत नाही. तुम्हीही अशीच जागा शोधा: गवताळ माळ, पाणथळ, कोणाचं तरी चराऊ रान. त्यांना ‘पडीक’ म्हणायला शिका. हा एक शब्द आला की निम्मं वनीकरण झालं.

आता शास्त्रज्ञ. त्यांचं अर्धं वाक्य फार उपयोगी पडतं. २०१९मध्ये एका गाजलेल्या निबंधात म्हटलं होतं, की जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर झाडं वाढू शकतील आणि ती वाढून २०५ अब्ज टन कार्बन साठवतील. त्यावर सडकून टीका झाली, पुढल्या वर्षी निबंधात दुरुस्ती छापावी लागली. दुरुस्तीची बातमी कोणी वाचत नाही, तुम्हीही वाचू नका. कोळसा, तेल आणि वायू जाळून जग वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं. तो आजच्या आज सुटतो. तुमचं वीतभर रोप त्यातला चिमूटभर शोषायला कित्येक वर्षं घेणार. म्हणून जमाखर्च असा मांडा, की धूर चालू वर्षाचा आणि झाडाची कमाई पुढच्या पन्नास वर्षांची, दोन्ही एकाच पानावर. वही जुळते. मध्ये वणवा लागला, कीड पडली किंवा रस्ता रुंद झाला, तर तो पुढच्या सरकारचा जमाखर्च.

आणि हो, जगात दरवर्षी अंदाजे १५०० कोटी झाडं तुटतात, असं २०१५च्या एका मोजणीत निघालं होतं. ती न तोडण्यावर खर्च करा असं कोणी सुचवलं, तर हसून विषय बदला. न तोडलेल्या झाडाभोवती फीत कशी बांधणार?

एकदा मलाही रोप लावायचा मान मिळाला होता. फावडं नवं कोरं, दांड्याला फीत. रोप पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं, फोटो झाला. मी पिशवी फाडायला वाकलो, तर संयोजक हळूच म्हणाले, “राहू द्या साहेब, नंतर माणूस येतो.” पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. तीच जागा, तोच खड्डा. माती उकरली तर गेल्या वर्षीची काळी पिशवी तळाशी होती, आत मुळं गोल-गोल गुंडाळून वाळलेली. संयोजकांनी ती चटकन बाजूला सारली आणि नवं रोप माझ्या हातात दिलं. या खेपेला फलक जरा मोठा होता.