क्यूने सुरू होतो म्हणून जॉब मारायचा?

एएस/४००, म्हणजे आताचं आयबीएम आय (आयबीएमची कंपन्यांच्या कामासाठीची संगणक प्रणाली), सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: ‘अ‍ॅक्टिव्ह जॉबच्या (मशीनवर चालू असलेल्या कामांच्या) यादीत क्यू (Q) या अक्षराने सुरू होणारी, कुणीच न लावलेली नावं दिसतील. ती मशीन खातात. यूजर म्हणून नुसतं क्यूयूजर दिसतं, त्यामुळे मागे कोण आहे तेही कळत नाही. एंड करून टाका.’

कुणी लावले नाहीत? आयबीएमने आपल्या नावांसाठी क्यू राखून ठेवलाय आणि नावाला जागा १० अक्षरांची, म्हणून ती अशी कोंबलेली. मुळात सगळे क्यूवालेही नाहीत. एससीपीएफ हा जॉब बघा: आयपीएलच्या (मशीन सुरू होण्याच्या) वेळी बाकीच्या बऱ्याच सिस्टिम जॉबना हाच उठवतो. क्यूसिसआर्ब सबसिस्टिमच्या (जॉब ज्यात चालतात त्या कप्प्यांच्या) सुरू-बंदकडे बघतो. या दोघांवर एंडजॉब (जॉब संपवायची कमांड) चालतच नाही, तेव्हा त्यांच्यापुरता हा सल्ला निरुपद्रवी.

‘मशीन खातात’ हा रोख असतो क्यूझेडडीएएसओइनिटवर, कारण क्यूयूएसआरवर्क सबसिस्टिममध्ये त्याच्या रांगाच्या रांगा दिसतात. ओडीबीसी किंवा जेडीबीसीने (बाहेरच्या प्रोग्रॅमना डेटाबेसशी जोडायच्या ठरलेल्या पद्धतींनी) डेटाबेसला जोडणाऱ्यांसाठी आधीच उठवून ठेवलेले हे प्रीस्टार्ट जॉब. स्टेटसला पीएसआरडब्ल्यू असेल तर तो गिऱ्हाइकाची वाट बघत बसलाय, सीपीयूला हात लावत नाही. तो मारलात तर गरजेप्रमाणे सबसिस्टिम दुसरा उठवेल. आणि चुकून कामातला मारलात, तर कुणाची तरी क्वेरी अर्ध्यावर तुटली म्हणून समजा. संख्या खरंच वाढत चालली असेल तर समोरचं अ‍ॅप्लिकेशन कनेक्शन बंद करतंय का ते आधी तपासा. किती जॉब तयार ठेवायचे ते सीएचजीपीजेई कमांडने ठरवता येतं.

क्यूयूजरचा मुद्दा वरवर पटतो, पण ते फक्त जॉबच्या नावातलं यूजर. डीएसपीजॉब या जॉबची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये पर्याय १ घ्या, करंट यूजर प्रोफाइल (आत्ता ज्याचं काम चाललंय त्याचं खातं) समोर येतं. उलटा शोधही जमतो: त्या माणसाच्या यूजर प्रोफाइलवर डब्ल्यूआरकेओबीजेएलसीके (एखाद्या गोष्टीवर कुठल्या जॉबचे लॉक, म्हणजे ताबा, आहेत ते दाखवणारी कमांड) चालवा, त्याची कामं करणारे जॉब लॉकच्या यादीत सापडतात. (हे ठाऊक नसलेले लोकच जॉब मारत सुटतात, असं माझं मत.)

सल्ल्याचं शेपूट सगळ्यात वाईट: ‘हटत नसेल तर एंड जॉब अ‍ॅबनॉर्मल.’ ही कमांड एंडजॉब इमिजिएट देऊन १० मिनिटं उलटल्याशिवाय चालतच नाही, आणि वापरली की पुढचा आयपीएल अ‍ॅबनॉर्मल धरला जातो.