खाली येतानाचे आचके: दोष मोटरचा नव्हे

नमस्कार. शिल्प वर-खाली नेणाऱ्या लिफ्टवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. (त्या लिफ्टमध्ये स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी, स्टेप्सनी फिरणारी मोटर, स्क्रू फिरवते आणि स्क्रूवरचा नट प्लॅटफॉर्मला वर-खाली नेतो.) पहिला असा की पहिल्या चाचणीत लिफ्टने खाली येताना जे आचके दिले, ते मोटरच्या जाड स्टेप्समुळे. १/२५६ मायक्रोस्टेपिंगचा ड्रायव्हर, म्हणजे एका स्टेपचे २५६ भाग करून मोटर चालवणारं सर्किट, लावायचा सोडून मी अर्धा लेख गाइड रॉडवर, म्हणजे प्लॅटफॉर्म ज्यांच्यावरून सरळ सरकतो त्या दांड्यांवर घालवला. दुसरा असा की वीज गेली तर वर नेलेलं शिल्प आपोआप खाली घसरेल, आणि याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो पूर्णपणे बरोबर आहे. मी वापरलेला ८ मिमी व्यासाचा स्क्रू चार स्टार्टचा (शेजारी शेजारी चार आटे असलेला) आहे, म्हणजे एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो. त्याच्या आट्यांचा चढ साधारण २० अंशांचा येतो. पितळी नट आणि स्टीलचा स्क्रू यांच्यातलं घर्षण ०.१५ धरलं, तर ८-९ अंशांच्या पुढचा चढ भार धरून ठेवत नाही. मोटरमधला करंट थांबला की वजनच स्क्रूला उलटं फिरवतं. त्याच जाडीचा एका स्टार्टचा, २ मिमी लीडचा (एका फेऱ्यात नट २ मिमी सरकवणारा) स्क्रू घेतला तर चढ ५ अंशांच्या आसपास राहतो आणि वस्तू जागच्या जागी थांबते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते: सेकंदाला १० मिमी उचलायचं तर स्क्रूला ५ फेरे घ्यावे लागतात. शिल्पासारख्या वस्तूला तेवढा वेग भरपूर आहे. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच करतो. तुम्ही हे दाखवलंत त्याबद्दल मनापासून आभार.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. माझ्या स्क्रूवर १/१६ मायक्रोस्टेपिंगला एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.००२५ मिमी. एवढी हालचाल डोळ्याला दिसत नाही. जे दिसत होते ते दीड-दोन मिलिमीटरचे आचके होते. शिवाय स्टेप जितकी बारीक, तितकं त्या एका स्टेपमागचं बळ कमी: १/१६ ला धारण-टॉर्कच्या (थांबलेली मोटर जास्तीत जास्त जेवढा पीळ धरून ठेवते त्याच्या) सुमारे १० टक्के, १/२५६ ला जेमतेम ०.६ टक्के. गाइड अडकत असेल तर अशा कित्येक स्टेप्स नुसत्या साठत जातात आणि मग सगळ्या एकदम सुटतात.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली: वर जाताना तीच मोटर, तोच ड्रायव्हर, आणि आचका एकही नाही. दोष मोटरचा असता तर तो दोन्ही दिशांना दिसला असता.

खरं कारण असं. प्लॅटफॉर्म आणि शिल्प यांचा मिळून गुरुत्वमध्य रॉडच्या ७० मिमी पुढे होता आणि ब्राँझचे बुश (रॉडवर सरकणाऱ्या, प्लॅटफॉर्मला जोडलेल्या नळ्या) फक्त २४ मिमी लांब. वजन पुढे झुकतं, बुशची वरची एक कड आणि खालची विरुद्ध कड रॉडवर दाबली जाते. घर्षण ०.२५ धरून हिशेब केला तर अडवणारं बळ वजनाच्या जवळपास दीडपट निघतं. वर जाताना मोटर ते रेटून नेते. खाली येताना मात्र नट पुढे निघून जातो, प्लॅटफॉर्म वरच लटकतो, आणि नटातली मोकळीक संपली की धप्पकन सुटतो. हलकं शिल्प ठेवूनही उपयोग नाही, कारण वजन घटलं की ते बळही त्याच प्रमाणात घटतं. प्रत्येक रॉडवर दुसरा बुश चढवून दोन टोकांमधलं अंतर ६० मिमी केलं, तेव्हा ते बळ वजनाच्या ०.६ पटीखाली आलं आणि आचके गेले. मोटर बदललीच नाही. गाइडवर अर्धा लेख गेला तो यासाठी.

बारीक मायक्रोस्टेपिंगने मोटरचा आवाज आणि मंद वेगातली गुणगुण कमी होते, हे मात्र खरं. त्यासाठी तो ड्रायव्हर जरूर घ्या.

तुमची लिफ्ट तयार असेल तर नवा ड्रायव्हर मागवण्याआधी नट प्लॅटफॉर्मपासून सोडवा, वस्तू नेहमीच्या जागी बांधून ठेवा, प्लॅटफॉर्म हाताने वर न्या आणि खाली हात धरून हळूच सैल सोडा. तो पूर्ण लांबीभर स्वतःच्या वजनाने उतरला नाही, तर कुठे अडकला तिथे रॉडवर खूण करा आणि मला कळवा. खूण एकाच टोकाजवळ येत असेल तर रॉड समांतर नाहीत. कुठेही येत असेल तर बुशमधलं अंतर वाढवा.